वाचकांचे प्रश्न : विश्वाविषयीचे माहितीपट निवडताना

अवकाश, भौतिकशास्त्र आणि विश्वरचना या विषयांवर कोणते माहितीपट पाहावेत, अशी विचारणा करणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत सातत्याने आली. त्यांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. आता वेळ आहे आणि जिज्ञासाही आहे. मोबाइलवर विश्वाविषयी ढिगाने चित्रफिती येतात, पण एकीत ठामपणे सांगितलेले दुसरीत खोडून काढलेले असते. सुरुवात कोठून करावी? (नाशिक)

उत्तर : आपण १९८० साली अमेरिकेत प्रथम प्रसारित झालेल्या ‘कॉसमॉस : अ पर्सनल व्हॉयेज’ या तेरा भागांच्या मालिकेपासून सुरुवात करावी. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन हे तिचे निवेदक असून ॲन ड्रुयान आणि स्टीव्हन सोटर यांच्यासह त्यांनीच तिचे लेखन केले आहे. चार दशकांहून जुनी मालिका सुचवण्याचे कारण तिच्या पहिल्याच भागात सापडते. इजिप्तमधील सायीन, म्हणजे आजचे अस्वान, येथे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी भर मध्यान्ही खांबाची सावली पडत नाही, असे अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याच्या वाचनात आले. अलेक्झांड्रियात मात्र त्याच वेळी सावली पडत होती. सेगन हे सांगताना इजिप्तचा एक नकाशा हातात धरतात. त्यावर दोन छोटे स्तंभ उभे केलेले आहेत. नकाशा सपाट असेपर्यंत दोन्ही स्तंभांच्या सावल्या सारख्याच राहतात. तो किंचित वाकवला की एकाची सावली नाहीशी होते आणि दुसऱ्याची उरते. पृथ्वी गोल आहे हे त्या एका हालचालीत दिसते. पुढचा हिशेब कोणालाही करता येण्याजोगा आहे. दोन ठिकाणांतील कोन सुमारे ७ अंशांचा, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा सुमारे पन्नासावा भाग. दोन शहरांतील अंतर सुमारे ८०० किलोमीटर. म्हणून पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर.

माहितीपट निवडताना मी हाच निकष लावतो. विश्व केवढे आहे, ताऱ्याच्या गाभ्यात किती तापमान असते, हे आकडे कोणीही वाचून दाखवील. ‘हे कशावरून?’ या प्रश्नाला जो माहितीपट जागेवरच उत्तर देतो, तो पाहण्यात घालवलेला वेळ सार्थकी लागतो. या मालिकेचा केप्लरवरील तिसरा भाग त्या दृष्टीने अवश्य पाहावा. आपली अत्यंत आवडती कल्पना टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाच्या निरीक्षणांशी जुळत नाही, हे दिसताच केप्लरने ती सोडून दिली, आणि ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हा शोध त्यातूनच लागला.

मालिका जुनी असल्याने तिच्यात काही गोष्टी नाहीत, हे ध्यानात ठेवावे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह १९९५ साली सापडला, विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे १९९८ साली उमगले, आणि गुरुत्वीय लहरींची पहिली नोंद २०१५ साली झाली. म्हणून त्यानंतर नील डिग्रास टायसन यांनी सादर केलेली २०१४ सालची ‘कॉसमॉस : अ स्पेसटाइम ओडिसी’ पाहावी. तिचा सातवा भाग मला फार मोलाचा वाटतो. उल्केतील शिशाचे मापन करून पृथ्वीचे वय काढणारा क्लेअर पॅटरसन आपल्या प्रयोगशाळेत सगळीकडे शिसे का सापडते याचा माग काढत पेट्रोलपर्यंत पोहोचतो आणि त्या उद्योगाचा रोष ओढवून घेतो, ही कथा त्यात आहे. याउलट पहिल्या भागातील जोर्दानो ब्रूनोची कथा मला पटत नाही. अनंत विश्वांचा विचार त्याने मांडला होता हे खरे. पण त्याच्यापाशी निरीक्षण कोणतेच नव्हते आणि १६०० साली त्याला जाळण्यात आले त्यामागे धर्ममतांचे आरोप मोठ्या प्रमाणात होते. विज्ञानासाठी हौतात्म्य पत्करणारा म्हणून त्याला रंगवताना मालिकेने इतिहास फारच सोपा केला आहे.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. सातवी-आठवीच्या मुलांना प्रोजेक्टरवर काही दाखवावे असे मनात आहे. परंतु इंग्रजी निवेदन मुलांना कळत नाही आणि एका तासिकेत संपेल असेच काही हवे आहे. (पाटण, जि. सातारा)

उत्तर : चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याचा १९७७ सालचा ‘पॉवर्स ऑफ टेन’ हा सुमारे नऊ मिनिटांचा लघुपट आपण दाखवावा. शिकागोतील एका तळ्याकाठी सहलीला आलेले जोडपे दिसते आणि चौकटीत फक्त एक मीटर रुंदीची जागा मावते. मग दर दहा सेकंदांनी ती चौकट दहापट रुंद होत जाते. दहाच्या सातव्या घातापाशी संपूर्ण पृथ्वी दिसते, एकविसाव्याच्या सुमारास आपली आकाशगंगा, आणि चोविसाव्या घातापाशी हा प्रवास थांबतो. त्यानंतर दृश्य वेगाने परत येऊन झोपलेल्या माणसाच्या हातात शिरते आणि पेशी, रेणू, अणू असे करत कार्बनच्या अणुकेंद्रातील प्रोटॉनपर्यंत जाते. याच ईम्स दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

आवाज बंद ठेवून निवेदन आपण स्वतः मराठीत करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आधी एकदा लघुपट सलग दाखवावा. दुसऱ्या वेळी प्रत्येक घातापाशी थांबून फळ्यावर आकडा लिहावा आणि पुढच्या चौकटीत काय दिसेल हे मुलांनाच विचारावे. तासिका पुरेपूर सत्कारणी लागते आणि घातांकांचा गणितातील धडाही सोबत होऊन जातो.

दुसऱ्या तासिकेसाठी टॉड डग्लस मिलर यांच्या २०१९ सालच्या ‘अपोलो ११’ मधील चंद्रावर उतरण्याचा प्रसंग घ्यावा. या माहितीपटात निवेदक नाही आणि मुलाखतीही नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडलेल्या मोठ्या आकाराच्या फिल्मवरील चित्रण आणि नियंत्रण कक्षातील हजारो तासांचे ध्वनिमुद्रण यांतूनच तो रचला आहे. उतरण्याच्या प्रसंगी चांद्रयानाच्या खिडकीतून टिपलेले चित्रण जवळजवळ सलग चालते, पडद्यावर उंची आणि उरलेले इंधन यांचे आकडे घटत जातात, आणि मध्येच संगणक १२०२ क्रमांकाचा इशारा देऊ लागतो. संगणकावर कामाचा भार अधिक झाला होता आणि तो कमी महत्त्वाची कामे बाजूला सारून आवश्यक तेवढीच करत होता, एवढे आपण आधी समजावून दिलेत की भाषेवाचून मुलांचे काही अडणार नाही. याच विषयावरचा अल रायनर्ट यांचा १९८९ सालचा ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ अतिशय देखणा आहे, परंतु त्यात अनेक अपोलो मोहिमांतील दृश्ये एकाच प्रवासाची असल्यासारखी जोडलेली आहेत. वर्गात दाखवायचा झाल्यास हे आधी सांगावे लागेल.

मराठीत या विषयावरील पूर्ण लांबीचे माहितीपट फार थोडे आहेत, याची मला मनापासून खंत वाटते. तरी अरविंद गुप्ता यांच्या प्रयोगांच्या छोट्या फिती मराठीतही उपलब्ध आहेत, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत शाळकरी मुलांसाठी मराठीतूनही व्याख्याने होतात. सहल पुण्याकडे नेणार असाल तर त्यांच्याशी आधी संपर्क साधावा.

प्रश्न : अवकाशात पाठवलेल्या एका तबकडीवर आमच्या केसरबाईंचे गाणे आहे, असे लहानपणापासून ऐकत आलो. त्या यानावर एखादा चांगला माहितीपट आहे का? (फोंडा, गोवा)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. आपल्याच तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवीतील रचना दूरच्या ग्रहांकडे पाठवलेल्या व्हॉयेजर या दोन यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर आहे. त्याच तबकडीवर ५५ भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. व्हॉयेजर २ हे २० ऑगस्ट १९७७ रोजी आणि व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. केसरबाई त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला निवर्तल्या.

या मोहिमेवर आयर्लंडच्या दिग्दर्शिका एमर रेनॉल्ड्स यांचा २०१७ सालचा ‘द फार्देस्ट’ हा माहितीपट आहे आणि व्हॉयेजरविषयी एकच काही पाहायचे असेल तर हाच पाहावा. यान बांधणारे अभियंते आणि त्याने पाठवलेली चित्रे प्रथम पाहणारे शास्त्रज्ञ त्यात स्वतः बोलतात. गुरूभोवतीच्या विद्युतभारित कणांपासून केबलींचे रक्षण करण्यासाठी ऐनवेळी स्वयंपाकघरात वापरतात तीच ॲल्युमिनियमची फॉइल त्यांच्याभोवती गुंडाळली गेली, हा प्रसंग ऐकताना एवढ्या मोठ्या मोहिमेमागची माणसे एकदम जवळची वाटू लागतात. गुरूचा उपग्रह आयो याच्यावरील ज्वालामुखींचा शोध हे या मोहिमेचे मला सर्वांत रोमहर्षक वाटणारे फलित. मार्च १९७९ मध्ये लिंडा मोराबितो या यानाचा मार्ग निश्चित करण्यासाठी आयोच्या चित्रातील पार्श्वभूमीचे तारे शोधत होत्या. अंधुक तारे दिसावेत म्हणून त्यांनी चित्र उजळवले, तेव्हा आयोच्या कडेबाहेर एक छत्रीसारखा ढग दिसला. तो ज्वालामुखीतून उसळलेला झोत होता. पृथ्वीबाहेर जिवंत ज्वालामुखी त्याआधी कोणी पाहिलेला नव्हता.

तबकडीची कथा हा माहितीपट निवड करणाऱ्या समितीच्या बाजूने सांगतो. म्हणून केसरबाईंचे ध्वनिमुद्रण आपण स्वतंत्रपणे ऐकावे. ते सहज उपलब्ध असून साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. आधी ते ऐकून मग माहितीपट लावला, तर आपल्या गावाशी असलेले त्याचे नाते अधिक चांगले उमगेल.

त्यानंतर बिली मिओसी यांचा २०२२ सालचा ‘इट्स क्वायटर इन द ट्वायलाइट’ पाहावा. व्हॉयेजर यानांची आजही देखभाल करणाऱ्या मोजक्या अभियंत्यांची ही हकिकत आहे. त्यांतील काहींनी अख्खे आयुष्य या यानांवर घालवले आहे आणि यान चालू आहे तोवर निवृत्त व्हायचे नाही असे मनाशी ठरवले आहे. यानातील किरणोत्सारी स्रोतापासून मिळणारी वीज दरवर्षी सुमारे चार वॅटने घटते, त्यामुळे एकेक उपकरण बंद करावे लागते. २०२० साली कॅनबेराजवळची सत्तर मीटर व्यासाची अँटेना दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आली, आणि व्हॉयेजर २ ला आज्ञा पाठवू शकणारी जगात दुसरी अँटेना नव्हती. संदेश पोहोचायलाच सतरा तासांहून अधिक लागतात अशा यानाला महिनोन् महिने एकटे सोडण्यापूर्वी काय काय तयारी करावी लागते, हे इतक्या बारकाईने मी अन्यत्र पाहिलेले नाही.

प्रश्न : मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोकप्रिय मालिका पाहिल्या, पण त्यांत समीकरणे नसतात आणि पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) म्हणजे काहीतरी जादू असल्यासारखे दाखवतात. थोडे खोलात जाणारे काय पाहावे? (कोल्हापूर)

उत्तर : अमेरिकेतील कॅलटेक या विज्ञानसंस्थेने केलेली ‘द मेकॅनिकल युनिव्हर्स’ ही ५२ भागांची मालिका आपल्यासाठीच आहे. १९८५ पासून प्रसारित झालेल्या या मालिकेत डेव्हिड गुडस्टीन यांची व्याख्याने असून जिम ब्लिन यांच्या संगणकीय चित्रणामुळे समीकरणातील प्रत्येक पद आपल्यासमोर हलते, रद्द होते, दुसऱ्या बाजूला जाते. केप्लरचे नियम न्यूटनच्या नियमांपासून कसे निघतात हे पाठ्यपुस्तकात एकदा वाचून मग येथे पाहावे.

पुंजयामिकीसाठी रिचर्ड फाइनमन यांनी १९६४ साली कॉर्नेल विद्यापीठात दिलेल्या सात व्याख्यानांपैकी सहावे ऐकावे. फळा, खडू आणि दोन फटींचा प्रयोग एवढ्याच साहित्यावर ते उभे आहे. त्यानंतर जिम अल-खलिली यांच्या ‘द सीक्रेट्स ऑफ क्वांटम फिजिक्स’ या २०१४ सालच्या मालिकेचा पहिला भाग घ्यावा. बेलचे प्रमेय त्यात पत्त्यांच्या डावाच्या आधारे समजावले आहे, आणि ते चांगले जमले आहे. अणुविचाराचा इतिहास हवा असेल तर त्यांचीच ‘ॲटम’ ही २००७ सालची तीन भागांची मालिका आहे.

संशोधन प्रत्यक्षात कसे चालते हे पाहायचे असेल तर मार्क लेव्हिन्सन यांचा ‘पार्टिकल फीव्हर’ हा २०१३ सालचा माहितीपट चुकवू नये. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यातील, प्रोटॉनांच्या टकरी घडवणारे यंत्र सप्टेंबर २००८ मध्ये सुरू होताच काही दिवसांत बिघडते, वर्षभर काम ठप्प होते, आणि अखेर ४ जुलै २०१२ रोजी मूलकणांच्या वस्तुमानाशी निगडित असलेला हिग्ज कण सापडल्याचे जाहीर होते, हा सारा काळ कॅमेऱ्याने जवळून टिपला आहे. हिग्जचे वस्तुमान ११५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) आसपास निघाले तर महासममितीचा, म्हणजे प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार कण असतो या कल्पनेचा पक्ष बळकट होणार आणि १४० च्या आसपास निघाले तर बहुविश्वाचा, म्हणजे आपल्यासारखी अनेक विश्वे असल्याच्या कल्पनेचा, अशी मांडणी त्यात आधी केली जाते. प्रत्यक्षात आकडा सुमारे १२५ येतो. दोन्ही पक्षांच्या सिद्धान्तकारांचे चेहरे त्या क्षणी पाहावेत. उभी हयात एका कल्पनेला वाहिलेल्या माणसांना निसर्गाने स्पष्ट होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. भारतीय गटांचे काम मुख्यतः सीएमएस या शोधकावर होते आणि माहितीपटाचा भर ॲटलास या दुसऱ्या शोधकावर आहे, त्यामुळे टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या आपल्या संस्थांचा वाटा त्यात दिसत नाही.

ब्रायन ग्रीन यांची २००३ सालची ‘द एलिगंट युनिव्हर्स’ पाहायला हरकत नाही. मूलकण म्हणजे अतिसूक्ष्म कंप पावणारे तंतू आहेत असे मांडणाऱ्या तंतू सिद्धान्ताला प्रयोगाचा आधार आजवर मिळालेला नाही, हे मात्र पाहताना सतत लक्षात असू द्यावे, कारण तिची मांडणी इतकी मोहक आहे की त्याचा सहज विसर पडतो.

प्रश्न : माझे मेहुणे आम्हाला अधूनमधून काही फिती पाठवतात. माणसाच्या मनामुळेच पदार्थ अस्तित्वात येतो हे क्वांटम विज्ञानाने सिद्ध केले आहे, असे एकीत होते. आपल्या पुराणांतील कालगणना कार्ल सेगन यांनीच खरी ठरवली, असे दुसरीत. त्यांना काय सांगावे? (अकोला)

उत्तर : पहिल्या प्रकारच्या बहुतेक फितींचे मूळ ‘व्हॉट द ब्लीप डू वी नो’ या २००४ सालच्या चित्रपटात सापडते. त्यामागची मंडळी एका अध्यात्मिक पंथाशी निगडित होती. चित्रपटात दिसणारे कोलंबिया विद्यापीठाचे डेव्हिड अल्बर्ट यांनी आपल्या बोलण्याची काटछाट करून उलटा अर्थ दाखवल्याचे नंतर जाहीरपणे सांगितले. पुंजयामिकीत ‘मापन’ होण्यासाठी मन लागत नाही. कणाची एखाद्या उपकरणाशी किंवा भोवतालच्या हवेशी आंतरक्रिया झाली तरी पुरते.

सेगन यांची फीत खरी आहे, परंतु अपुरी ऐकली जाते. ‘कॉसमॉस’च्या दहाव्या भागात तमिळनाडूतील पोंगल आणि चोलकालीन नटराज दाखवून ते हिंदू कालगणनेच्या भव्यतेविषयी अतिशय आदराने बोलतात. आधुनिक विश्वशास्त्राच्या कालमानाशी ती जुळते असे ते म्हणतात, आणि त्याच वाक्यात हे निःसंशय योगायोगाने घडले आहे अशी पुस्तीही जोडतात. आपण मेहुण्यांसोबत तो संपूर्ण भाग पाहावा. त्यात आपल्या परंपरेचा अवमान कोठेही नाही, त्यामुळे वाद न होता बोलणे होईल.

खऱ्या-खोट्याची पारख करताना पडद्यावरचे दृश्य टिपलेले आहे की रचलेले, हे निवेदक सांगतो का, याकडे लक्ष द्यावे. पीटर गॅलिसन यांचा २०२० सालचा ‘ब्लॅक होल्स : द एज ऑफ ऑल वी नो’ या बाबतीत अत्यंत प्रामाणिक आहे. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले एम ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र कसे तयार झाले, हे त्यात दिसते. ते रेडिओ लहरींच्या नोंदींवरून घडवलेले आहे आणि त्याचा नारिंगी रंग निवडलेला आहे. आपल्या अपेक्षेनेच चित्र घडू नये म्हणून चार गटांनी एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे काम केले, आणि चौघांच्याही चित्रांत कडे उमटले. स्वतःच्या निष्कर्षावर अशी शंका घेणारी माणसे मेहुण्यांच्या फितीत कोठे दिसतात का, एवढे त्यांना विचारून पाहावे.

प्रश्न : आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो प्रकल्प होणार आहे. तेथे नेमके काय चालणार, हे घरच्यांना दाखवता येईल असे काही आहे का? (हिंगोली)

उत्तर : काय स्टाट्स यांचा ‘लायगो : अ पॅशन फॉर अंडरस्टँडिंग’ हा २०१४ सालचा सुमारे वीस मिनिटांचा माहितीपट पाहावा. आपल्याकडे उभारल्या जाणाऱ्या यंत्रासारखेच, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचे यंत्र अमेरिकेतील हॅनफर्ड येथे आहे आणि त्याचे चित्रण यात आहे. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणणारी-आखडणारी लहर, येऊन गेली की भुजांच्या टोकांवरील आरशांतील अंतरात प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी लेझरच्या साहाय्याने तो ओळखायचा असतो. म्हणूनच परिसरात कंपने कमी असावी लागतात, आणि रेल्वे, रस्ते, खाणी यांच्या अंतराचा प्रश्न जागा निवडताना येतो. माहितीपट बनला तेव्हा एकही लहर पकडली गेली नव्हती; १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली पकडली गेली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर एकमेकांत विलीन झालेल्या दोन कृष्णविवरांपासून निघाली होती. ही पुढची हकिकत घरच्यांना आपण सांगावी, आणि असेच आणखी एक यंत्र भारतात असल्यास लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे अधिक अचूकपणे ठरवता येते, म्हणून ते आपल्याकडे येत आहे, हेही सांगावे.